वरळीचे टीव्ही सेंटर

मुंबईत दूरचित्रवाणी सुरू झाली ती 2 ऑक्टोबर 1972 रोजी, वरळीतून. पांडुरंग बुधकर मार्गावरच्या या इमारतीचे कागदोपत्री नाव बदलत गेले. आरंभी ती आकाशवाणीचीच एक शाखा होती. 1 एप्रिल 1976 रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले आणि फाटकावर मुंबई दूरदर्शन केंद्र हे नाव आले. लोकांनी मात्र पहिल्या दिवसापासून तिला टीव्ही सेंटरच म्हटले, आणि आजही जुना वरळीकर पत्ता सांगताना तेच म्हणतो.

संस्थेचा इतिहास लिहिताना संचालकांची नामावली, उद्‌घाटने आणि पाहुण्यांच्या भेटी यांनी पाने भरण्याचा प्रघात आहे. या इमारतीच्या बाबतीत तसे करणे मला अन्यायाचे वाटते. तिचे मोल आत झालेल्या कामात आहे, आणि त्या कामाचा बराच मोठा भाग आज कुठेही पाहायला मिळत नाही. म्हणून या लेखात माझा भर ते काम कसे होत असे यावर आहे.

मुंबईला प्रसारण नवे नव्हते. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले होते, आणि टीव्ही येईपर्यंत पंचेचाळीस वर्षे हे शहर रेडिओवर वाढले होते. श्रुतिका, भावगीत, कामगारांसाठीचे कार्यक्रम, मुलांचा ‘गम्मत जम्मत’ हे सारे कानांनी अनुभवण्याची सवय घराघरांत रुजली होती. दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी टीव्हीचा प्रयोग सुरू झाला तोही आकाशवाणी भवनातल्या एका तात्पुरत्या स्टुडिओतून, अवघ्या 500 वॉटच्या प्रक्षेपकावर. शहराभोवतीच्या पंचवीसेक किलोमीटरपलीकडे तो दिसत नसे. त्या पहिल्या काळात आपले पु. ल. देशपांडे तिथे होते, हे मराठी माणसाने विसरू नये. रेडिओतून आलेल्या, नाटक जाणणाऱ्या, लेखक असलेल्या माणसाने नवे माध्यम हाताळायचे, हा पायंडा तिथे पडला. वरळीत पुढे जे घडले ते त्याच पायंड्यावर. देशातले दुसरे टीव्ही केंद्र म्हणून मुंबईची पाळी येईपर्यंत दिल्लीनंतर तेरा वर्षे गेली होती.

केंद्राच्या आजूबाजूला त्या वेळी कापडगिरण्या होत्या. जवळच 1920च्या दशकात बांधलेल्या वरळीच्या 121 बीडीडी चाळी, आणि समुद्राच्या अंगाला वरळी कोळीवाडा. पाळी सुटल्याचा भोंगा वाजे, रस्ता माणसांनी भरून जाई, आणि त्याच रस्त्याने मेकअपचा डबा घेतलेले नट, काखेत कागद धरलेले लेखक आणि तानपुरा सांभाळत येणारे गवई फाटकातून आत जात. गिरणगावाच्या कुशीत हे केंद्र उभे राहिले याचा त्याच्या स्वभावावर परिणाम झाला, असे माझे मत आहे. परळ, लालबाग, दादर, गिरगाव इथली हौशी आणि कामगार रंगभूमी हाकेच्या अंतरावर होती. नट बोलवायला कुणाला दूर जावे लागत नसे.

इमारतीहून अधिक माणसांनी पाहिला तो तिचा मनोरा. लाल-पांढरा, लोखंडी जाळीचा, 300 मीटर उंच. कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या आमच्या घरांना त्याची ओळख दोन बाजूंनी झाली. होडीवर जाणाऱ्यांना तो समुद्रातून दिसे, आणि किनाऱ्यावरच्या खुणा धरून बंदर ओळखणाऱ्या कोळ्याला अशी उभी खूण लागतेच. रात्री त्याचे तांबडे दिवे दिसत. दुसरी ओळख छपरावरच्या अँटेनाची. अँटेना वरळीच्या दिशेने वळवायची, म्हणजे उत्तरेला. मध्ये मलबार हिल, आणि 1970च्या दशकात बॅकबेच्या भरावावर एकामागून एक चढत गेलेले कफ परेड-नरिमन पॉइंटचे उंच मनोरे. त्यांच्यावर आपटून आलेल्या लहरींमुळे पडद्यावर एका वृत्तनिवेदिकेच्या शेजारी तिचीच फिकट सावली उभी राहत असे. एक जण छपरावर, एक जण दारात, एक जण टीव्हीपुढे. ‘आलं का?’, ‘अजून थोडं फिरव’, ‘मुंग्या आल्या’, ‘आता हलू नको’ हा संवाद त्या काळात मुंबईच्या प्रत्येक वस्तीत झाला आहे. टीव्हीसाठी पोस्टातून परवाना काढावा लागे. टीव्ही असलेले घर वस्तीत एखादेच, त्यामुळे संध्याकाळी त्या घराचा उंबरठा सगळ्यांचा होई.

आता आतल्या कामाकडे वळतो.

सुरुवातीला सारे कृष्णधवल. प्रसारण संध्याकाळचे काही तास. त्या तासांसाठी दिवसभर इमारत राबत असे. स्टुडिओ म्हणजे उंच छताची, बाहेरचा आवाज अडवणारी, खिडक्या नसलेली खोली. वर दिव्यांच्या रांगा, खाली गुळगुळीत जमीन, कारण जड कॅमेरे चाकांवर सरकवताना जरा जरी हिसका बसला तरी चित्र हलणार. त्या दिव्यांखाली उष्मा असा की रंगभूषाकाराला पुन्हापुन्हा पुढे यावे लागे. काचेपलीकडच्या नियंत्रण कक्षात निर्माता बसे. पुढ्यात प्रत्येक कॅमेऱ्याचा वेगळा पडदा. त्याच्या सूचना कॅमेरामन आणि फ्लोअर मॅनेजर यांच्या कानांतल्या यंत्रात पोहोचत. फ्लोअर मॅनेजरला बोलायची मुभा नाही. हाताच्या खुणांनीच तो नटाला सांगे की तू आता पडद्यावर आहेस, वेळ संपत आली आहे, आवर. कोणत्या क्षणी कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र जायचे हे तिथल्या तिथे, त्याच क्षणी ठरे. त्याला संकलन म्हणायचे तर ते बोटांच्या टोकांवर होत असे.

चित्रफीत होती, पण ती दोन इंच रुंदीची, मोठ्या यंत्रावर चालणारी आणि महाग. ती कापून जोडणे इतके किचकट की शक्यतो कार्यक्रम सलग चित्रित करायचा, नाहीतर थेटच दाखवायचा. नटाचे वाक्य चुकले, पाय अडखळला, फुलदाणी पडली, तर ते तसेच जाई किंवा सगळे पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तालमीला पर्याय नव्हता. बातम्यांसाठीची दृश्ये 16 मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित होत. फिल्म घेऊन माणूस धावत केंद्रावर यायचा, ती धुवायची, वाळवायची, कापून जोडायची आणि मग फिल्मवरचे चित्र प्रसारणात आणणाऱ्या टेलिसिने यंत्रावर चढवायची. दुपारची सभा संध्याकाळच्या बातम्यांत दिसली, तर त्यामागे एवढी धावपळ असे. आणि एवढे करूनही काही अडलेच तर पडद्यावर ‘व्यत्यय’ अशी पाटी यायची. महाराष्ट्रातल्या एका पिढीने हा शब्द शाळेआधी टीव्हीवर वाचला.

अशा पद्धतीने काम करायला रंगभूमीचा माणूस सर्वात तयार होता. एका दमात प्रवेश करायचा, चुकले तर सावरून घ्यायचे, ही त्याची रोजची सवय. विनायक चासकरांसारखे नाट्यदिग्दर्शक इथे निर्माते झाले, आणि छोट्या नाटुकल्यांचा ‘गजरा’ हा कार्यक्रम घराघरांत पोहोचला. विनय आपट्यांनी याच केंद्रात निर्माता म्हणून काम केले. बबन प्रभू आणि याकूब सईद यांचा ‘हास परिहास’ हाही याच स्टुडिओतला. चि. वि. जोशींच्या कथांवरून केलेल्या ‘चिमणराव’ने दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांना असे घराघरांत नेले की बाळ कर्वे शेवटपर्यंत लोकांसाठी गुंड्याभाऊच राहिले. आजच्या मालिकेचा एक भाग ज्या सामग्रीवर होतो तिच्या मानाने चिमणरावाचे बिऱ्हाड म्हणजे दोनचार पडद्यांचे, काही लाकडी सामानाचे घर. तरी ते पुण्यातले खरे बिऱ्हाड वाटले, कारण बोलणारी माणसे खरी वाटली. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’तून लेखक-कलावंत समोर बसून बोलताना दिसू लागले. ज्याची पुस्तके वाचली तो माणूस बोलताना कसा थांबतो, चष्मा कसा काढतो, प्रश्न टाळताना कुठे पाहतो, हे गावातल्या वाचकाला प्रथमच दिसले. सुहासिनी मुळगावकरांच्या ‘सुंदर माझं घर’ला गृहिणींचा मोठा वर्ग लाभला. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी चित्रपट, मध्ये ‘छायागीत’, आणि पुढच्या आठवड्यात काय दिसणार हे सांगणारी ‘साप्ताहिकी’. त्या वेळापत्रकावर घरातली जेवणे ठरत, लग्नाची बोलणीसुद्धा शनिवार-रविवार संध्याकाळ टाळून होत.

आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’विषयी थोडे अधिक लिहायला हवे. बोधपर कार्यक्रम म्हटला की प्रेक्षक उठून जातो, ही समजूत त्या कार्यक्रमाने खोटी ठरवली. प्रेक्षकांनी आपण होऊन गावोगावी ज्ञानदीप मंडळे काढली. कार्यक्रम पाहायचा आणि मग त्यावर आपल्या गावात काहीतरी करायचे, अशी ती मंडळे. प्रसारण एका बाजूने होते, उत्तर पत्रांनी आणि कामाने यायचे. टीव्हीच्या साठ वर्षांहून मोठ्या भारतीय इतिहासात प्रेक्षकांच्या अशा संघटना किती उभ्या राहिल्या? मला तरी हा वरळीच्या इमारतीचा सर्वात मोठा मान वाटतो, कोणत्याही पुरस्काराहून मोठा.

‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम. बियाणे, खत, कीड, गुरांचे आजार, आणि जोडीला ‘गप्पागोष्टी’तली माणसे. मुंबईच्या चाळीत भाड्याच्या खोलीत राहणारा गिरणी कामगार तो आवर्जून पाही, कारण त्याचे शेत कोकणात किंवा घाटावर होते आणि भाऊ ते कसत होता. आमच्या वस्तीत ज्यांच्या घरी मातीचा तुकडाही नव्हता तेसुद्धा जाळ्याची दुरुस्ती करता करता तो पाहत. खाऱ्या पाण्यातल्या माणसालाही गावाकडच्या बोलीचा आवाज टीव्हीतून आलेला आवडे. प्रमाण भाषा बोलणाऱ्या निवेदकांच्या शेजारी असा आवाज बसवला गेला, हे केंद्राने फार चांगले केले.

बातम्यांची मराठी या इमारतीत घडली, हे विधान मी विचारपूर्वक करतो. डॉ. विश्वास मेहेंदळे हे इथले पहिले मराठी वृत्तनिवेदक. पुढे भक्ती बर्वे, अनंत भावे, स्मिता तळवलकर, प्रदीप भिडे अशी नावे येतात. रेडिओच्या बातमीत आवाज पुरे. इथे डोळ्यांना कागदावरून उचलून प्रेक्षकाकडे पाहायचे होते, आणि तरी वाक्य तुटू द्यायचे नव्हते. त्यामुळे वाक्ये आखूड झाली. कर्मणी प्रयोगाची लांबलचक शेपटी असलेली सरकारी वाक्ये वाचताना दम लागतो हे वाचणाऱ्यालाच कळले आणि ती सुटसुटीत होत गेली. प्रदीप भिड्यांचा गंभीर, स्वच्छ आवाज ऐकून कित्येकांनी आपले उच्चार सुधारले. 2022 साली ते गेले तेव्हा राज्यभर लोकांना घरातले कुणी गेल्यासारखे वाटले, ते त्या रोजच्या सोबतीमुळेच. स्मिता पाटील इथेच मराठी बातम्या देत. जीन्सवर साडी नेसून त्या बातम्या वाचायला बसत, ही आठवण सगळ्यांना ठाऊक आहे. श्याम बेनेगल यांनी त्यांना पडद्यावर पाहिले ते याच बातम्यांमध्ये, आणि 1975च्या ‘चरणदास चोर’पासून भारतीय चित्रपटाला एक मोठी अभिनेत्री मिळाली. कृष्णधवल पडद्यावर, साध्या टेबलामागे बसलेल्या सावळ्या चेहऱ्यात ती ताकद आहे हे ओळखता आले, याचे काही श्रेय त्या चेहऱ्यावर नीट प्रकाश टाकणाऱ्या, ज्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत अशा माणसांनाही द्यायला हवे.

मराठी हा केंद्राचा कणा खरा, पण इमारत सगळ्या मुंबईची होती. आदी मर्झबान यांच्या ‘आवो मारी साथे’तून पारशी गुजराती विनोद मराठी घरांत आला आणि भाषा पुरती न कळताही लोक पोट धरून हसले. तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ 1972 पासून 1993 पर्यंत चालला. हिंदी लेखक कमलेश्वर ‘परिक्रमा’ घेऊन रस्त्यावरच्या माणसाचे प्रश्न स्टुडिओत आणत. साबिरा मर्चंट यांचे इंग्रजी शब्दकोडे वेगळेच. एकाच मेकअपच्या खोलीत, एकाच आरशापुढे इतक्या भाषा पाळीपाळीने बसत होत्या. हा शेजार पुढे प्रत्येक भाषेच्या वेगळ्या वाहिन्या झाल्यावर संपला, आणि त्याने मुंबईचे नुकसान झाले असे मला मनापासून वाटते.

हे सगळे सरकारच्या छपराखाली चालले होते, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवे. जून 1975 मध्ये आणीबाणी आली आणि बातम्यांतून फक्त सरकारचा आवाज उरला. सरकारी कार्यक्रमाला गाण्यास नकार दिला म्हणून किशोर कुमार यांची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून बंद करण्यात आली, ही गोष्ट पुढे आणीबाणीची चौकशी करणाऱ्या शहा आयोगासमोर आली. ज्या इमारतीने लोकांना बोलताना दाखवले तिथेच लोकांचे बोलणे बंद झाले. केंद्रातल्या कलावंत माणसांना तो काळ किती जड गेला असेल! 1 जानेवारी 1976 पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या आणि पैशाचा विचार पहिल्यांदा स्टुडिओत शिरला, पण त्याचा खरा परिणाम दिसायला अजून आठेक वर्षे होती.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. दोन इंची फिती महाग आणि मोजक्या असल्याने एका फितीवरचे जुने पुसून तिच्यावरच नवे चित्रित करण्याची रीत होती. जगभर तेच चाले. लंडनच्या बीबीसीनेही 1960 आणि 70च्या दशकांतले कितीतरी कार्यक्रम असेच गमावले. थेट गेलेल्या कार्यक्रमांची तर प्रत निघालीच नाही. त्यामुळे पहिल्या दहा-बारा वर्षांतले पुष्कळ काम हवेत गेले. ज्या मराठी साहित्यिकांच्या, गायकांच्या, तमाशा कलावंतांच्या, शास्त्रज्ञांच्या मुलाखती इथे झाल्या, त्यांतल्या किती आज ऐकायला मिळतात? राहिले ते थोडे, आणि त्या थोड्याचे आज डिजिटल रूपांतर होऊन ते लोकांपर्यंत पोहोचत आहे याचा आनंद आहे. पण बाकीच्यासाठी इमारत आणि तिच्यात राबलेल्या माणसांची स्मृती, एवढाच दप्तरखाना उरतो.

आता पुन्हा काळाच्या ओघाकडे. 1973 साली सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे पुण्यात मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले होते. 15 ऑगस्ट 1982 पासून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंग आले. त्याच वर्षी 18 जानेवारीला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर आले आणि केंद्राभोवतीचे भोंगे थांबले ते पुढे पूर्वीसारखे वाजलेच नाहीत. ज्या वर्षी पडद्यावर रंग आला त्याच वर्षी भोवतालच्या वस्तीचा रोजगार गेला. संध्याकाळी फाटकासमोरून जाणारी गर्दी बदलली, आणि हळूहळू स्टुडिओत येणारी माणसेही.

1984 मध्ये दिल्लीहून ‘हम लोग’ सुरू झाली आणि प्रायोजित मालिकांचे युग आले. तेव्हापासून कार्यक्रम बाहेरचे निर्माते करू लागले, चित्रनगरीत, भाड्याच्या बंगल्यात, खासगी स्टुडिओत. वरळीला तयार फीत यायची, तपासली जायची आणि लावली जायची. माझ्या मते या स्टुडिओचा पहिला, खरा काळ इथे संपतो. इमारत तीच, मनोरा तोच, बातम्या चालू, पण घडवण्याचे ठिकाण आता दाखवण्याचे ठिकाण झाले. सुतार, नेपथ्यकार, रंगभूषाकार, तालमीसाठी थांबलेले नट यांनी भरलेले बोळ रिकामे होऊ लागले. यात कुणा एकाचा दोष नाही. पैसा आणि तंत्र दोन्ही त्याच दिशेने चालले होते.

पुढचे थोडक्यात. 1992 मध्ये झी टीव्ही आला. दूरदर्शनने 15 ऑगस्ट 1994 रोजी उपग्रहावरून वेगळी मराठी वाहिनी काढली आणि 2000 साली तिला सह्याद्री हे नाव मिळाले. तोवर अल्फा मराठी आली होती, पाठोपाठ ईटीव्ही मराठी. या नव्या वाहिन्यांना निवेदक, निर्माते, वृत्तनिवेदक, तंत्रज्ञ लागले तेव्हा वरळीत शिकलेली माणसे तयार होती. 1997 मध्ये प्रसार भारती अस्तित्वात आल्यावर वरळीचे केंद्र सरकारी खात्यातून त्या महामंडळाकडे गेले. अलीकडे दूरदर्शनने जमिनीवरून होणारे जुने अॅनलॉग प्रक्षेपण देशभर टप्प्याटप्प्याने आवरते घेतले. मच्छीमार नगरातल्या छपरांवर आता अँटेना शोधून सापडणार नाही.

केंद्र आजही चालू आहे, सह्याद्रीच्या बातम्या तिथूनच येतात. म्हणूनच एक काम आत्ता करता येण्यासारखे आहे. पहिल्या दहा-बारा वर्षांत तिथे कॅमेऱ्यामागे, दिव्यांवर, फिल्म धुण्याच्या खोलीत, सुतारशाळेत काम केलेल्यांपैकी काही माणसे मुंबईत, ठाण्यात, पुण्यात आणि कोकणातल्या आपापल्या गावी आहेत. त्यांचे वय आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहे. कोणत्या कार्यक्रमाला कसा पडदा लावला होता, कोणता नट वाक्य विसरला आणि कसा सावरला, कोणती फीत कुणाच्या सहीने पुसली गेली, हे त्यांना आठवते. केंद्राच्याच एखाद्या स्टुडिओत त्यांना बोलावून, त्यांच्याच यंत्रांसमोर बसवून या आठवणी चित्रित करून ठेवाव्यात, आणि या वेळी ती फीत पुसू नये.